तो पुढे नास्तिक झाला, हे खरं का?

भाषाविज्ञानाच्या वर्गात पिराहां या ब्राझीलमधल्या आदिवासी जमातीचा विषय निघाला की तास संपल्यावर कुणीतरी रेंगाळतंच. "मॅडम, बाटवायला गेलेला मिशनरीच बाटला म्हणे. खरं का?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

खरं आहे. डॅनियल एव्हरेट हा अमेरिकन मिशनरी १९७७ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलात, मायसी नदीकाठच्या पिराहांकडे गेला. वय २६. पुढे बायको केरन आणि तीन लहान मुलांसह तिथे बिऱ्हाड केलं. काम ठरलेलं: लोकांची भाषा शिकायची आणि बायबल तिच्यात उतरवायचं.

तुमच्या प्रश्नातला 'म्हणे' तेवढा धरून ठेवा. एव्हरेट सांगतो की पिराहांच्या क्रियापदाला प्रत्यय लागतात आणि गोष्ट डोळ्यांनी पाहिली, खाणाखुणांवरून ताडली की कुणाकडून ऐकली, हे त्यांतून कळतं. आपला 'म्हणे' त्यातल्या तिसऱ्याचा भाऊ. पण पिराहांना ऐकीव गोष्टही अशीच हवी, की ती पाहणाऱ्या माणसाची आणि सांगणाऱ्याची गाठ पडलेली असावी. आता यात येशूला कुठे बसवणार? तो दिसायला कसा, तुझ्यासारखा गोरा की आमच्यासारखा, असं त्यांनी विचारलं. एव्हरेटनं त्याला पाहिलेलं नव्हतं, पाहिलेला कुणी त्याला भेटलेलाही नव्हता. विषय संपला. ना वाद, ना राग. बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान भाषांतरित झालं, पण ख्रिस्ती कुणी झालं नाही.

(या भाषेत आकडे नाहीत, हेही खरं. एव्हरेट दांपत्यानं आठ महिने रोज संध्याकाळी अंकांची शिकवणी घेतली; दहापर्यंत मोजायला एकही जण शिकला नाही.)

श्रद्धा गेली ती काही एका दुपारी नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं स्वतःशी कबूल केलं, पण घरी बरीच वर्षं बोलला नाही. बोलला तेव्हा संसार मोडला.

मला मात्र कुणी केरनबद्दल विचारत नाही. सुरुवातीच्या काळात ती आणि थोरली मुलगी तापानं फणफणल्या. एव्हरेटला वाटलं टायफॉइड, निघाला मलेरिया. आधी होडी, मग लाँच, असं करत पोर्तो व्हेल्यू शहरातला दवाखाना गाठायला कितीतरी दिवस गेले. वाटेत लाँचवाल्यांनी बोट काठाला लावून फुटबॉलचा सामना खेळून घेतला! निघताना पिराहां सांगत होते: येताना काड्यापेट्या आण, ब्लँकेटं आण. एव्हरेटचा संताप झाला. पुढे त्याला उमगलं की त्यांच्या घरात कुणी असं आजारी पडलं तर न्यायला दवाखानाच नसतो. ते रोजच हे बघतात आणि तरी मासे धरायला जातात.

केरन वाचली, बरी झाली आणि पोरांना घेऊन पुन्हा त्याच काठावर राहायला गेली. तेच गाव, तेच प्रत्यय, तेच प्रश्न तिनंही ऐकले. तिची श्रद्धा तसूभर हलली नाही. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावरही ती पिराहांकडे जात राहिली. त्यामुळे "भाषेनं त्याला नास्तिक केलं" असं उत्तरपत्रिकेत लिहिलंत, तर मी अर्धेच गुण देईन.