भरीत पार्टीचा सीझन आणि माझी मीटिंग

आमच्या जळगावकडे थंडी पडली की मळ्यात भरीत पार्ट्या सुरू, काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याच्या पुऱ्या, आणि बाजूला ज्याची त्याची बाटली. मी दारू सोडली तेव्हा सगळ्यात जास्त भीती मला या पार्ट्यांचीच होती.

आधी एकदम बंद केली होती तर हात इतके थरथरायचे की चहाची बशी वाजायची, डॉक्टर चिडले, रोजची सवय असेल तर अशी अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं म्हणे, औषधं घेऊनच सोडायची. मग १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, फुकट आहे, आणि विचारत विचारत एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या ग्रुपपर्यंत पोचलो.

शाळेची एक खोली, लहान पोरांचे बाक, गुडघे मावत नव्हते. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, फक्त दारू सोडायची इच्छा पाहिजे. हे सगळं १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलं, त्यातला एक तर डॉक्टर होता! मी मागे बसलो, ओळखीचं कोणी निघालं तर काय, आणि निघालंच ना, आमच्याच गल्लीतले एक काका. ते नुसते हसले, म्हणे "ये भो, बस, चहा घे."

बायकोला अल-अॅनॉनबद्दल सांगितलं, तो ग्रुप पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असतो, ती अजून तयार नाही, तिचंही बरोबर आहे.

या रविवारी पार्टीचं बोलावणं आहे. काकांना विचारलं तर म्हणाले भरीत घरी आणून खाऊ, मी पुऱ्या आणतो.