फलकावरील अपॉस्ट्रॉफी : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे फ्लेक्स व डीटीपीचे दुकान आहे. मृग लागण्यापूर्वी कृषी केंद्रांच्या फलकांची गर्दी उसळते आणि ग्राहकांनी वहीच्या पानावर लिहून आणलेल्या इंग्रजी मजकुरात सीड्स, पेस्टिसाइड्स व फर्टिलायझर्स या तिन्ही शब्दांच्या शेवटच्या एसपूर्वी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह (’), ठोकलेली असते. इंग्लंडातही भाजीवाल्यांच्या पाट्यांवर हेच चालते, इतके की तिकडे या चुकीला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी म्हणतात. तेव्हा आपल्याच दुकानदारांना हसण्यात अर्थ नाही.

नियम मला ठाऊक होता, तो पटवून देणे मात्र जड गेले, कारण शेजारच्या दुकानाची पाटी हा प्रत्येकाचा पुरावा असे. शेवटी मराठीच कामी आली. शब्दाला चा, ची, चे लागत असेल तर अपॉस्ट्रॉफी द्यायची. नुसते अनेकवचन असेल तर एस किंवा ईएस पुरेसा. बियाणे विकायचे आहे, बियाण्याचे काही सांगायचे नाही, म्हणून तिथे चिन्ह नको. एमएलए किंवा सीडी यांच्या अनेकवचनातही ते लागत नाही. आय हे सुटे अक्षर अनेकवचनी लिहिताना मात्र ते द्यावे, नाहीतर वाचणारा त्याला ‘इज’ समजेल.

खरी कसोटी मालकी आणि अनेकवचन एकत्र आल्यावर लागते. एका शेतकऱ्याचे गोदाम असेल तर चिन्ह एसपूर्वी येते, अनेकांचे असेल तर एसनंतर. महिला बचत गटाचा फलक करताना गटाच्या अध्यक्ष ताईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारले, “बाया तं लय हायेत ना भाऊ, मंग ते चिन्ह एसच्या मांगं नको का?” प्रश्न अगदी रास्त होता. मी आधी नुसते ‘विमेन’ लिहून दाखवले: अनेकवचन इथेच पूर्ण झाले, त्यात एस नाही, म्हणून चिन्ह आधी आणि एस नंतर. ‘चिल्ड्रन’चेही तसेच.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या फलकांवर मात्र मी व्याकरण चालवत नाही. नोंदलेल्या नावात ‘फार्मर्स’ला चिन्ह नसेल तर ते आपण घालायचे नसते, लंडनच्या वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनीही 2012 मध्ये आपल्या नावातील अपॉस्ट्रॉफी काढून टाकली. अशा वेळी मी नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागतो आणि त्यावरील नाव जसेच्या तसे उतरवतो.