आमची वाटचाल: काच की माणिक?

नटनट्यांची भूमिकेच्या वेशातली व्यक्तिचित्रं जलरंगात करणं हा आमचा धंदा. सुरुवातीला आम्ही दोघंच. मी चित्रं काढायचो, भागीदार नाटकांचा कपडेपट सांभाळायचा. पहिलं गिऱ्हाईक होता एक नट. राजाच्या वेशातलं त्याचं व्यक्तिचित्र मी दिवसाउजेडी काढलेल्या फोटोवरून केलं. चेहरा हुबेहूब उतरला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ''मी आहे खरा, पण राजा कुठाय?''

नाटकातले कपडे विसाव्या रांगेसाठी शिवलेले असतात. जवळ गेलं की जरीच्या जागी सोनेरी रंग दिसतो, माणकाच्या जागी काच. मग चित्रात काय काढायचं? भागीदार म्हणतो माणिक, मी म्हणतो काच. हा वाद अजून मिटलेला नाही. पण नुसत्या फोटोवरून काम घेणं तेव्हाच बंद केलं आणि वही घेऊन रंगीत तालमीला विंगेत बसायला लागलो. पिवळट-केशरी प्रकाशात निळा झगा जवळजवळ काळा पडतो, हे मला तिथे कळलं. भागीदाराला ते आधीच ठाऊक होतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

हा धंदा तसा जुनाच. सॅम्युअल डी वाइल्ड (मृत्यू १८३२) लंडनमधल्या नटनट्यांना त्यांच्या भूमिकेच्या वेशात जलरंगात रंगवायचा. त्यातली बरीच चित्रं गॅरिक क्लब या लंडनमधल्या नाटकवाल्यांच्या जुन्या क्लबच्या संग्रहात आहेत. आमची महिन्याला जेमतेम चार होतात.

वेळ जातो तो कपड्यांवरच्या चमकत्या टिकल्यांत. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे प्रत्येक चमक रंग लावण्याआधी मास्किंग फ्लुइडनं, म्हणजे रंग बसू न देणाऱ्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवानं, राखून ठेवावी लागते. विसरलं तर मागाहून पांढरा रंग ठेवता येतो, पण तो खडूसारखा दिसतो. कागद सुती, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. त्यात काटकसर केली की ओला कागद पोक काढतो.

पाचव्या वर्षी एक चित्र परत आलं. खिडकीसमोर टांगलेलं, राणीच्या लाल मखमलीचा रंग पार उडालेला. चूक आमचीच. ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला होता, म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल. तो उजेडात टिकत नाही, आणि आम्ही नुसतं नाव बघून घेतला होता. चित्र फुकटात नव्यानं करून दिलं. आता त्या जागी क्विनॅक्रिडोन हा उजेडात टिकणारा लाल वापरतो, आणि कुठलाही नवा रंग आला की त्याची पट्टी अर्धी झाकून काही महिने उन्हाच्या खिडकीत चिकटवतो. सध्या तिथे अकरा पट्ट्या आहेत. भागीदाराला त्या खिडकीला पडदा हवाय.