पान चारवरची ओल

घर घेणाऱ्यांसाठी घर तपासून अहवाल देणं हे माझं काम. ही ऑगस्टमधली एक पाहणी. सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा रीसेल फ्लॅट, बांधकाम १८ वर्षांचं. घेणारं तरुण जोडपं, विकणारे निवृत्त काका, अजून तिथंच राहणारे. टोकन केव्हाच देऊन झालेलं आणि करारनामा दोन दिवसांवर आलेला. म्हणजे नेहमीचीच वेळ. आमच्याकडे लोक साखरपुडा उरकून पत्रिका दाखवायला आल्यासारखे येतात.

एजंटनं दोन तास दिले होते. दोन तासांत काय होतं? लेझर टेपनं कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मोजून होते (जाहिरातीतला आकडा बंद केलेली बाल्कनी धरून होता, त्यात नवल नाही). तुळया आणि स्लॅब हातोडीच्या दांड्यानं ठोकून होतात. ठणठणीत आवाज आला तर बरं, पोकळ आला तर आत सळई गंजून फुगलीय आणि तिनं काँक्रीटचं आच्छादन ढकललंय असं समजायचं. इथं हॉलच्या तुळईला एक हातभर पोकळ पट्टा लागला. तो फोटोसकट अहवालात गेला. सोसायटीकडं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मागितलं तर सचिव म्हणाले, 'प्रोसेसमध्ये आहे.' सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी व्हायला हवं. या इमारतीचं पहिलंच व्हायचं होतं. पण लिफ्टमध्ये नवी ग्रॅनाइट लागलेली होती.

दोन तासांत जे होत नाही ते म्हणजे पाण्याची परीक्षा. बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बुजवायचा, जमिनीवर इंच-दीड इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची आणि २४ तासांनी, जमलं तर ४८ तासांनी, खालच्या घराच्या छताकडं बघायचं. राहत्या घरात दोन दिवस बाथरूम बंद ठेवायला कोण तयार होणार? खालच्यांनी दार उघडायला हवं ते वेगळंच. नव्या घराला निदान रेरा कायद्याचं कलम १४(३) आहे, ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा. रीसेलच्या करारात त्याऐवजी 'आहे त्या स्थितीत' एवढे तीन शब्द असतात. म्हणून खरं तर रीसेललाच पाण्याची परीक्षा जास्त हवी, आणि तिथंच ती कधी होत नाही.

तर ती भिंत. मोठ्या बेडरूमची, पलीकडं बाथरूम. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा. खोलीच्या तीन भिंतींचा रंग जुना आणि ही एकच ताजी. एकच भिंत ताजी असली की पलंग सरकवायचा, हा पहिला नियम. मागं स्कर्टिंगपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाला बारीक फोड आलेले, नखानं उचलले तर पोपडा निघतोय, पोपड्याच्या पाठीवर पांढरी भुकटी. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार.

पिनांचा मॉइश्चर मीटर लावला. समोरच्या कोरड्या भिंतीवर ९-१०. या भिंतीवर चौकटी आखून वीस ठिकाणी मोजलं. खाली स्कर्टिंगजवळ २४, मधे २८, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला ३४. काका दारात उभे राहून सांगत होते, 'आतला जीआय पाइप सडला होता. चार वर्षांपूर्वी सगळा सीपीव्हीसी टाकून घेतला. आता गळत नाही.' (जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, सीपीव्हीसी म्हणजे प्लॅस्टिकचा.) विकणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मी मान डोलावली आणि पान चारवर लिहिलं: 'बाथरूमच्या भिंतीतून चालू गळती. अंतर्गत पाइप किंवा वॉटरप्रूफिंग निकामी.'

'चालू' हा शब्द मी कशाच्या जोरावर लिहिला?

पिनांचा मीटर पाणी मोजत नाही. दोन पिनांमधून वीज किती सहज जाते तेवढं मोजतो. त्याच्या पडद्यावरचा आकडा लाकडासाठी बेतलेला असतो. गिलाव्यावर ३४ आलं म्हणजे भिंतीत ३४ टक्के पाणी आहे असं नव्हे, याच जागी लाकूड असतं तर मीटरला ते एवढं ओलं वाटलं असतं, इतकाच त्याचा अर्थ. आणि वीज सहज नेणारी दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. वर्षानुवर्षं पाणी झिरपलेल्या भिंतीत विटा, सिमेंट, वाळू यांतले क्षार विरघळून पृष्ठभागाकडं येतात. पाणी उडून जातं, ते तिथंच राहतात. गळती थांबली तरी राहतात. वर ते हवेतली वाफ ओढतात: साध्या मिठाच्या बाबतीत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते ओलं व्हायला लागतं, काही नायट्रेटं तर ५० टक्क्यांच्या आसपासच. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी टाकून बघा. भिंतीचं तेच होतं. पाइपात थेंब नसताना ती ऑगस्टमध्ये घामेजते आणि मार्चमध्ये कोरडी ठणठणीत असते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुरावा माझ्याच वहीत होता. पाइप गळत असेल तर ओलीला एक केंद्र असतं आणि तिथून ती खाली उतरते. पायथा सगळ्यात ओला. इथं उलट, आकडे वर चढत गेलेले आणि सगळ्यात मोठा वरच्या कडेला. क्षार नेमके तिथंच गोळा होतात, जिथं कधीकाळी ओल संपून भिंत वाळायची. थर्मल कॅमेऱ्यातही भिंत एकसारखी दिसली होती. 'हवाच इतकी दमट आहे, पाणी उडत नाही म्हणून गारवा दिसत नसेल,' असं म्हणून मी ते सोडून दिलं. हे कारण चूक नव्हे, पावसाळ्यात असं होतं. पण मग कॅमेऱ्यानं गळती नाकारली नाही, तशी दाखवलीही नाही, एवढंच लिहायला हवं होतं.

आता पान नऊ. बाथरूमचा गीझर, त्याचं १६ अँपिअरचं सॉकेट. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ शून्य. तीन दिव्यांचा टेस्टर खोचला तर तोही 'ठीक' म्हणाला. नव्वद टक्के इलेक्ट्रिशियन इथं पेटी बंद करतील, हे माझं मत, आकडेवारी नव्हे. मला खटकलं ते शून्य. मधे लावायचा तीन पिनांचा एक जोड माझ्याकडं आहे, त्यातून भार चालू ठेवून मोजता येतं. गीझर २ किलोवॅटचा, म्हणजे ८-९ अँपिअर. एवढा प्रवाह न्यूट्रलमधून परत जाताना खऱ्या अर्थिंगच्या तुलनेत व्होल्ट-दोन व्होल्टचा फरक पडायलाच हवा. स्वयंपाकघरात ओव्हनवर १.४ आला होता. इथं गीझर चालू करूनही ०.०.

मेन बंद केला, वीज नाही याची खात्री केली, प्लेट उघडली. लाल वायरचा दोन इंची तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या पिनेला, दुसरं अर्थच्या. भिंतीतून हिरवी वायर आलेलीच नव्हती. गीझर बसवणारा माणूस अर्थिंग नसेल तर बसवत नाही आणि न्यूट्रल-अर्थ तीनेक व्होल्टच्या आत आहे का हे बघतो. कोणीतरी त्याला पास करून दाखवण्यासाठी हा तुकडा टाकला होता. आता न्यूट्रल कुठंही सुटला, स्क्रू ढिला झाला तरी, तर फेजची वीज एलिमेंटमधून न्यूट्रलच्या पिनेवर, तिथून या तुकड्यावरून अर्थच्या पिनेवर आणि गीझरच्या पत्र्यावर, तिथून पाण्यात. पूर्ण २३०. एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की पडणारा स्विच, पडणार नाही, कारण तिला पडायला लागतो तेवढा प्रवाह माणसाच्या अंगातून जात नाही. आणि घरात आरसीसीबी, म्हणजे थोडा प्रवाह बाहेर गळला तरी वीज तोडणारा स्विच, नव्हती. तांबडी पट्टी, 'जीवाला धोका', डीबीपासून (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीपासून) हिरवी वायर ओढा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, तोवर गीझर लावू नका, हे सगळं पान नऊवर लिहिलं. स्विचवर चिकटपट्टी लावली. काका म्हणाले, 'इतकी वर्षं चाललंय की हो.'

अहवाल रात्री जोडप्याला गेला. सकाळी त्यांनी सौदा मोडला. कारण एकच दिलं, गळती. गीझरबद्दल फोनवर एक अक्षर नाही. वर मुलगा म्हणाला, 'सर, वायरिंग काय, करून घेतलं असतं. पण लीकेज म्हणजे डोक्याला कायमचा ताप.' त्यांनी पान चारचा फोटो एजंटला पाठवला, एजंटनं काकांना, आणि काकांना पाठवता पाठवता आपल्या ग्रुपवरही. माझा अहवाल ज्यानं पैसे दिले त्याचा असतो, मी तो तिसऱ्याला दाखवत नाही. पण फॉरवर्डच्या बाणाला काय त्याचं.

नऊ दिवसांनी काकांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. 'तुम्ही या आणि दाखवा कुठं गळतंय.'

त्यांनी प्लंबर आणला होता. मिक्सरच्या जागेवर हातपंप जोडलेला, बाकीची तोंडं प्लग लावून बंद, स्टॉपकॉक बंद, दाब ८ किलोवर. तासभर काटा हलला नाही. बाथरूममध्ये पाणी साठवून ४८ तास झाले होते आणि खालच्यांच्या छताला डाग नव्हता. एजंटला दोन तासांवर मिनिट वाढवून देता आलं नव्हतं, ते काकांनी चिडून दोन दिवसांत उभं केलं.

मी कार्बाइडची बाटली नेली होती. ती पहिल्या दिवशी गाडीत होती, हेही सांगून टाकतो. ड्रिल सावकाश फिरवायचं, कारण जोरात फिरवलं तर भुकटी तापते आणि नमुना वाळतो. एक नमुना गिलाव्यातला, वरच्या १० मिमीमधला, दुसरा आत ५० मिमीवर विटेतला. ठरल्या वजनाची भुकटी, कॅल्शियम कार्बाइड, दोन पोलादी गोळ्या, झाकण घट्ट करून हलवायचं. पाणी असेल तर ॲसिटिलीन वायू होतो, त्याच्या दाबावर काटा टक्का दाखवतो. गिलाव्यात २.९ टक्के, विटेत ०.७. पलीकडून पाणी येत असतं तर वीट गिलाव्यापेक्षा ओली निघाली असती.

क्षारांची खात्री घरी केली. भिंतीतल्या आणि समोरच्या भिंतीतल्या गिलाव्याचे तुकडे १०५ अंशांवर वजन स्थिरावेपर्यंत वाळवले, मग एका बंद डब्यात ठेवले. डब्याच्या तळाशी जाड मीठ पाण्यात कालवून केलेला रबडा, त्यानं आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर राहते. आठवड्यानं समोरच्या भिंतीच्या तुकड्याचं वजन जवळपास तेवढंच होतं. या भिंतीचा तुकडा बोटाला ओला लागत होता.

म्हणजे काका खरं बोलले होते. पण भिंत निर्दोष नव्हती, हेही खरं. पाइप बदलताना जुना क्षारलेला गिलावा तसाच ठेवून वर पुट्टी आणि रंग मारला होता. तो दर पावसाळ्यात सुटणारच. डागाच्या कडेपासून फूटभर वरपर्यंत गिलावा विटेपर्यंत खरवडायचा, विटा आणि सांधे कोरड्या ब्रशनं झाडायचे (पाणी मारलं की क्षार परत आत), धुतलेल्या वाळूचा नवा गिलावा करायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग रंग. 'डॅम्पप्रूफ' म्हणून विकले जाणारे रंग या भिंतीवर मारणं म्हणजे गळवावर पावडर. काम चार दिवसांचं, गवंडी आणि एक बिगारी. त्यापायी घर सोडण्यासारखं काही नव्हतं.

निघताना बाथरूममध्ये डोकावलो. चिकटपट्टी काढलेली, गीझर चालू. पाइपासाठी माणूस आला, पंप आला, खालच्या घरात विनवण्या झाल्या, आणि तो दोन इंची तुकडा जागेवरच. या वेळी मी हललो नाही. काकांचाच इलेक्ट्रिशियन बोलावला, डीबीपासून हिरवी वायर ओढून घेतली, आरसीसीबी बसवून तिचं टेस्ट बटण दाबून दाखवायला लावलं. दोन तास गेले. तुकडा मी खिशात घातला.

जोडप्याला लेखी दुरुस्तीपत्र पाठवलं: पान चारवरचं विधान मागं घेतो, कारणं ही, मोजमापं ही. त्यांचं उत्तर, 'ओके सर, थँक्स, आम्ही दुसरा फायनल केला.' दुसऱ्याची पाहणी केली का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या परवानगीनं पत्र काकांनाही दिलं, कोणालाही दाखवा म्हणून. माझ्या अहवालात आता ओलीपुढं दोन रकाने असतात, 'दिसलं' आणि 'सिद्ध झालं'. दुसरा बहुतेक वेळा कोराच जातो. त्यावर ग्राहक नाराज होतात, पैसे कशाचे घेतले म्हणतात. या कामाला आपल्याकडे परवाना नाही की परीक्षा नाही, मीटर विकत घेतला की माणूस इन्स्पेक्टर. असा रकाना कोरा न ठेवणारे भरपूर मिळतात.

परवा एका अनोळखी एजंटचा मेसेज आला. फोटो होता पान चारचा, वर फ्लॅटचा नंबर, खाली माझी सही. 'सर, पार्टी विचारतेय, गळती अजून चालू आहे का?' मी त्याला दुरुस्तीपत्र पाठवलं, दोन्ही पानं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'सर एवढं नको, हो का नाही तेवढं सांगा.'