दोन स्क्रीन, फाइल मात्र एकच

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे माल देणाऱ्या पार्ट्यांनी चढवलेल्या बिलांची यादी येते, आणि २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं कराचं रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत अकाउंट्सवाल्यांशी कुणी गप्पा मारायला जाऊ नये. एकीकडे आपलं खरेदीचं रजिस्टर, दुसरीकडे पार्ट्यांनी त्यांच्या बाजूने चढवलेली बिलं, आणि बिलाला बिल लावत बसायचं. १ जानेवारी २०२२ पासून २बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणजे पार्टीने बिल पोर्टलवर चढवलं नाही की तेवढा कर त्या महिन्यात आपल्या खिशातून जातो, आणि शेठ विचारतात तो प्रश्न पार्टीला नाही, मला.

मी तुर्भ्याला एमआयडीसीत पॅकिंग मटेरियलच्या एका कंपनीत हेच काम करते. खोकेवाले, टेपवाले, बबल रोलवाले, शिवाय ट्रान्सपोर्ट. रजिस्टर चांगलंच लांबतं. एका स्क्रीनवर हे करायचं म्हणजे दिवसभर ऑल्ट-टॅब: इकडचा बिल नंबर डोक्यात धरायचा, तिकडे जायचं, पोचेपर्यंत शेवटचे दोन आकडे विरलेले असतात. व्हीलुकअप, म्हणजे एक्सेलचा जुळणी शोधणारा फॉर्म्युला, लावला की सगळं सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा खरी बिलं बघावीत. आमच्या रजिस्टरात ‘४५’, पार्टीने भरलेलं ‘००४५’, आणि आणखी कुणी त्यालाच वर्षाची शेपटी जोडून ‘४५/२४-२५’ केलेलं. जीएसटीत बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत चालतो, आणि त्या १६ अक्षरांत लोक काय काय कोंबतात! फॉर्म्युल्याने बरंचसं जुळतं, पण उरलेलं डोळ्यांनीच लावावं लागतं. दुसरा मॉनिटर हवा होता तो या उरलेल्यासाठी.

मॉनिटर मिळवणं सोपं निघालं. स्टोअरच्या कपाटावर एक जुना चौकोनी १९ इंची धूळ खात पडला होता. हार्डवेअरवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, “मॅडम, ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल.” मी सीपीयू फिरवून त्याला मागची बाजू दाखवली. निळा व्हीजीए आणि शेजारी एचडीएमआय, दोन्ही मदरबोर्डवरच होते. “ते एका वेळी एकच चालतं,” असं तो म्हणाला खरा, पण लावून बघितल्यावर दोन्ही चालले. माझा नेहमीचा मॉनिटर एचडीएमआयवर गेला, जुना व्हीजीएवर बसला, आणि खर्च फक्त एका केबलचा झाला. कुणाला कन्व्हर्टर घ्यायची वेळ आली तर एवढं बघून घ्या: बाजारात मिळणारा साधा एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. काँप्युटरला व्हीजीए आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर तो उलटा लावून काही होत नाही.

मग विंडोज आणि पी ही बटणं दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं. ‘डुप्लिकेट’वर राहिलं तर दोन्हीकडे तेच दिसतं. त्यानंतर डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ नंबरचे जे चौकोन दिसतात, ते टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसेच ओढून ठेवायचे. हे केलं नाही तर मॉनिटर डावीकडे आणि माउस जातो उजवीकडून, असा खेळ चालतो. माझा एक मॉनिटर १०८० उंचीचा, दुसरा १०२४ चा. चौकोनांच्या तळाच्या कडा जुळवल्या तेव्हा माउस वरच्या कोपऱ्यात अडायचा, म्हणून वरच्या जुळवल्या. आता तो खाली टास्कबारजवळ अडतो, पण तिथे मला ओलांडून जायचं नसतंच.

खरी मजा यापुढे. तेव्हा माझ्या मशीनवर एक्सेल २०१० होतं, आणि २०१० पर्यंतच्या एक्सेलची रीत अशी की सगळ्या फाइली एकाच मोठ्या खिडकीच्या पोटात उघडतात. रजिस्टर उघडलं, २बी उघडलं, आणि २बी दुसऱ्या स्क्रीनवर ओढायला गेले तर ते मोठ्या खिडकीच्या कडेला जाऊन थांबलं. बाहेर येईचना. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी बरेच महिने वापरले.

पहिला उपाय म्हणजे मोठी खिडकीच ताणून दोन्ही मॉनिटरवर पसरवायची आणि व्ह्यूमधल्या ‘अरेंज ऑल’मधून ‘व्हर्टिकल’ निवडायचं. दोन्ही फाइली शेजारी येतात. पण वरची रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, एकच, फॉर्म्युला बारही एकच, आणि तो दोन मॉनिटरच्या मधल्या फटीवरून पलीकडे गेलेला. मॉनिटर वेगवेगळ्या उंचीचे असले की खालचा शीट टॅबचा पट्टा एकीकडे गायब होतो.

दुसरा उपाय, एक्सेल स्टार्ट मेनूतून पुन्हा वेगळं चालू करायचं आणि दुसरी फाइल त्यातून उघडायची. आता दोन स्वतंत्र एक्सेल, एकेक स्क्रीनवर एकेक, दिसायला झकास. पण ही दोन एक्सेल एकमेकांना ओळखत नाहीत. एका फाइलमध्ये बरोबरचं चिन्ह टाइप करून दुसऱ्या स्क्रीनवरच्या सेलवर क्लिक केलं तर काहीच होत नाही. व्हीलुकअपची रेंज माउसने निवडता येत नाही. कॉपी केलं तर आकडे येतात, फॉर्म्युले येत नाहीत, आणि पेस्ट स्पेशलमध्ये नेहमीच्या ‘व्हॅल्यूज’ वगैरेंऐवजी भलतीच यादी समोर येते. नुसतं बघायला हे चांगलं होतं, पण ताळमेळाच्या कामाला अर्धवटच.

पुढे ऑफिसात नवी मशीनं आली, विंडोज ११ आणि एक्सेल २०२१. मायक्रोसॉफ्टने ही जुनी रीत २०१३ च्या आवृत्तीपासूनच मोडली होती. तेव्हापासून प्रत्येक फाइलला स्वतःची खिडकी आणि स्वतःची रिबन, आणि तरी सगळ्या एकाच एक्सेलच्या, म्हणजे फॉर्म्युले इकडून तिकडे जातात. खिडकी निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबले की ती उडी मारून दुसऱ्या मॉनिटरवर जाते. ओढाताण नाही. नव्या विंडोजमधली आणखी एक सोय मला एक्सेलपेक्षाही आवडली: माउस ज्या खिडकीवर नेऊन चाक फिरवाल ती सरकते, आधी क्लिक करावं लागत नाही. रजिस्टरात टाइप करता करता २बी खालीवर करता येतं आणि कर्सर आपल्या जागेवरच राहतो.

इथवर आल्यावर बहुतेक जण दोन फाइली दोन स्क्रीनवर ठेवून कामाला लागतात. मीही तसंच करत होते आणि काम चालत होतं. पण त्यात दोन गोष्टी खुपतात. दुसऱ्या फाइलमधला सेल फॉर्म्युल्यात क्लिकने निवडला की एक्सेल त्याला आपणहून डॉलरची चिन्हं लावून टाकतं, म्हणजे तो सेल जागेवर खिळतो. लुकअपच्या रेंजला ते हवंच असतं, पण साधी वजाबाकी खाली ओढायची असेल तर प्रत्येक ओळीत त्याच पहिल्या सेलमधून वजाबाकी होते. दर वेळी एफ४ मारून डॉलर काढा. दुसरं म्हणजे लिंका. फाइल सीए सरांकडे पाठवली की उघडताना ‘अपडेट लिंक्स’ विचारते, आणि त्यांच्याकडे माझी दुसरी फाइल नसतेच.

म्हणून आता २बीची शीट मी रजिस्टरच्याच फाइलमध्ये आणते. शीटच्या नावावर राइट क्लिक, ‘मूव्ह ऑर कॉपी’, खालच्या ‘क्रिएट अ कॉपी’वर टिक. वरच्या जोडलेल्या शीर्षकांच्या ओळी फिल्टरला आड येतात, त्या उडवून एकच साधी ओळ ठेवते. मग व्ह्यूमधलं ‘न्यू विंडो’. तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडते, नावापुढे १ आणि २ असा आकडा लागतो. ही दुसरी प्रत नव्हे हे समजून घेतलं पाहिजे. फाइल एकच, खिडक्या दोन. एका खिडकीत २बीची शीट, दुसरीत रजिस्टर. इकडे शेरा लिहिला की तिकडच्या मोजणीच्या शीटवर आकडा लगेच बदलतो. फॉर्म्युल्यात पलीकडच्या स्क्रीनवर क्लिक करता येतं आणि डॉलर लागत नाहीत. लिंकांचा प्रश्नच उरत नाही.

चौकोनी मॉनिटरवर वरच्या अर्ध्या भागात २बी आणि खालच्या अर्ध्यात बिलाची पीडीएफ असते, मोठ्यावर पूर्ण रजिस्टर. बिलावरचा नंबर, पार्टीने भरलेला नंबर आणि आमच्याकडे चढलेला नंबर, तिन्ही एका नजरेत येतात. एखाद्या पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी नंबर) महाराष्ट्राच्या २७ च्या ऐवजी २४ ने सुरू झालेला दिसला की तिच्या गुजरातच्या युनिटने बिल फाडलंय, म्हणजे आपण राज्यातल्या खरेदीच्या सीजीएसटी-एसजीएसटीत टाकलेली रक्कम परराज्याच्या आयजीएसटीत बसणार, हे तिथल्या तिथे कळतं. पूर्वी हे शोधायला फाइलींतून फिरावं लागायचं.

न्यू विंडोला एक पथ्य आहे. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून सेव्ह केलं तर पुढच्या वेळी फाइल दोन खिडक्यांसकटच उघडते, आणि ज्याला पाठवाल त्याच्याकडेही. सीए सरांच्या ऑफिसमधल्या मुलीचा फोन आला होता, “ताई, तुमची फाइल दोनदा का उघडते? यातली लेटेस्ट कुठली?” दोन्ही एकच आहेत हे तिला फोनवर पटवता पटवता नाकी नऊ आले. आता पाठवण्याआधी मी २ नंबरची खिडकी बंद करून मग सेव्ह करते. १ नंबरची बंद करायची नाही. फ्रीझ केलेल्या ओळी आणि झूम हे त्या त्या खिडकीचं असतं, नव्या खिडकीत ते लावलेलं नसेल आणि तीच मागे राहिली तर सगळं पुन्हा लावत बसा.

कंट्रोल-झेडचं तर सगळ्यांनी जपावं. एका एक्सेलमध्ये उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींची अनडूची यादी सामाईक असते. समोरच्या फाइलमधलं मागे घ्यायचं म्हणून चारदा झेड दाबाल, त्यातले दोन दुसऱ्या फाइलमधले बदल पुसून बसतील. दोन स्क्रीनचा इथे फायदा असा की पलीकडे काहीतरी हललेलं निदान दिसतं. तसंच कॅल्क्युलेशनचं. पहिली उघडलेली फाइल मॅन्युअलवर, म्हणजे आपोआप हिशोब बंद ठेवून, सेव्ह केलेली असेल तर नंतरच्या सगळ्याच मॅन्युअलवर जातात. फॉर्म्युला खाली ओढूनही प्रत्येक ओळीत तेच उत्तर दिसलं की आधी खालच्या पट्टीवर ‘कॅल्क्युलेट’ लिहिलंय का ते बघायचं. कुणाची जड मॅक्रोवाली (आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्रॅम असलेली) फाइल मुद्दाम वेगळी ठेवायची असेल तर ऑल्ट धरून एक्सेल चालू करावं. ते विचारतं, नवीन वेगळं एक्सेल हवं का? हो म्हणायचं.

‘व्ह्यू साइड बाय साइड’ आणि एकत्र सरकणं या सोयीचं लोक फार कौतुक करतात. ताळमेळाला ते निरुपयोगी आहे, कारण ते ओळीला ओळ सरकवतं आणि आपल्या ओळी जुळलेल्या असत्या तर आपण बसलोच कशाला असतो? गेल्या महिन्याची आणि या महिन्याची रेट लिस्ट ताडून बघायला मात्र छान.

माझं बघून शेठनीही लॅपटॉपला मॉनिटर लावून घेतला आणि त्यांच्याकडे वेगळंच निघालं. लॅपटॉपचं स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते) १५० टक्के, मॉनिटरचं १००. डिस्पॅचच्या शीटवर मॅक्रोची बटणं आहेत, ती या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर नेली की आकार बदलायची, दाबली की आणखी फुगायची. फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये मल्टिपल डिस्प्लेसाठी ‘ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी’ निवडून एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं, तेव्हा बटणं जागेवर राहिली, पण एका स्क्रीनवरची अक्षरं जरा पुसट झाली. दोन्हीकडे स्केलिंग सारखं केलं तर हेही जाईल असं मी सांगितलंय. त्यावर लॅपटॉपवरचं सगळं बारीक होतं आणि चष्मा शोधावा लागतो, असं शेठचं म्हणणं. त्यामुळे सध्या त्यांच्याकडे अक्षरं पुसटच आहेत.