गोळ्यांचा डबा

आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आपल्या काही ज्येष्ठांना मेडिकेअर पार्ट डी, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातला औषधांचा भाग, समजावत बसले होते. एक काकू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या गोळ्या घेऊन आल्या, पावत्या रबरबँडने बांधलेल्या. एकेक नाव, डोस मेडिकेअरच्या साइटवर भरला तेव्हा कळलं, रक्त पातळ करायचं त्यांचं औषध २०२६ साठी त्यांचा विमा प्लॅन ज्यांचा खर्च उचलतो त्या औषधांच्या यादीतच नाही! दुसरा प्लॅन सापडला, बरं झालं. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही, आणि यादीतल्या औषधांना २०२६ मध्ये वर्षभरात खिशातून २,१०० डॉलरपेक्षा जास्त जाणार नाहीत, हे सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता गोळी अर्धी करून खायला नको ना गं?"

पोटात कालवलं. पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलायची मुदत ७ डिसेंबरपर्यंत असते; घरी आईबाबा असतील तर त्याच्या आत त्यांच्या औषधांची यादी घेऊन बसा, प्लीज.