तुम्ही विचारलंत म्हणून : चित्रातलं कुंपण

अंगणाच्या फोटोवर मी एआयकडून नवं कुंपण चितारून घेतलं होतं, हे कळल्यापासून तुमचा प्रश्न ठरलेला : "चित्रात दिसलं तसंच झालं का हो?"

नाही झालं. पहिलं चित्र इतकं देखणं होतं, की दोन दिवस मी ते सगळ्यांना दाखवत फिरले. मग लक्षात आलं, कोपऱ्यातला नळ गायब आहे आणि जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट झाली आहे. आमच्या अंगणाला चांगला दीड फूट उतार आहे. उतारावर कुंपण एकतर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचं, म्हणजे प्रत्येक टप्प्याखाली तिकोनी फट राहते. नाहीतर फळ्या उभ्याच ठेवून आडव्या पट्ट्या उताराबरोबर तिरक्या न्यायच्या. चित्रात उतारच नव्हता, त्यामुळे हा प्रश्नच पडला नाही.

नळावर उपाय सोपा. जिथे कुंपण यायचं आहे तेवढीच पट्टी निवडून बदलायला सांगायची, बाकी फोटोला हात लावू द्यायचा नाही. उंचीचं मात्र अवघड. '6 फूट' लिहिलं तरी फोटोत फुटाचं माप कुठे असतं? एकच सूचना दोनदा दिली, तर एकदा कुंपण छातीपर्यंत आलं, एकदा खिडकीच्या वर. दर वेळी चित्र नव्यानं, कसल्याशा ठिपक्यांच्या गोंधळातून तयार होतं, त्यामुळे असं होणारच.

शेवटी बरोबर 6 फुटांच्या दोन काठ्या घेतल्या, टोकाला लाल चिंधी बांधली आणि कुंपणाच्या दोन्ही टोकांना रोवल्या. दोन अशासाठी, की लांबची काठी फोटोत लहान दिसते. फोनची ती सगळं अंगण एका दमात मावणारी रुंद लेन्स वापरली नाही. ती कडेच्या वस्तू ताणते. मग सांगितलं, कुंपणाची वरची कड चिंधीला चिंधी जोडून ने.

गंमत म्हणजे चित्र येण्याआधीच काठ्यांनी निम्मं उत्तर दिलं. सूर्य 30 अंशांवर आला की 6 फुटांच्या काठीची सावली 10 फुटांच्या पुढे जाते. संध्याकाळी ती थेट माझ्या वाफ्यांवर पडत होती. त्या बाजूला 4 फूट ठरले. (एआयनं सावली उन्हाच्याच दिशेला टाकली होती, ते वेगळंच.)

मग चित्राचा उपयोग काय? रंगासाठी. घरात काळपट करड्यावरून आठवडाभर वाद चालला होता, तो पाच मिनिटांत मिटला. तो रंग अंगणात भिंतीसारखा दिसत होता. उभ्या फळ्या की आडव्या, फटी किती, हेही तिथेच ठरलं.

सुतारदादांनी चित्र बघून आधी खांब मोजले. दोन खांबांतलं अंतर कुठेच सारखं नव्हतं. मग फाटकावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे उघडायचं कुठल्या बाजूनं?"

चित्रात दोन्ही बाजूंना बिजागऱ्या होत्या.